डावी काख, उजवी काख

कुसुमावती जगताप या बाईला कशाचं कोडं पडेल याचा नेम नाही. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा शुद्धीवर आल्या आल्या नवऱ्याचा हात धरायचा सोडून तिनं विचारलं, "खडे कुठं ठेवले?" डॉक्टरानं ते बाटलीत घालून दिले. घरी आल्यावर तिनं त्यातला एक अडकित्त्यानं फोडून बघितला.

सासरा म्हणाला, "सूनबाई, तो अडकित्ता आता सुपारीला लावू नकोस."

तर ही म्हणाली, "मामंजी, आतनं पिवळा आहे बघा. कांद्यागत पापुद्रे निघतात."

आमच्या गावाकडं असल्या माणसाला चौकस बेणं म्हणतात. झाशीत तिला सगळे जिज्जी म्हणतात. बुंदेलीत थोरल्या बहिणीला जिज्जी म्हणायची रीत, धाकटीला बिन्नू; आणि ही तर अख्ख्या गल्लीची थोरली बहीण.

बडा बाजारच्या मागच्या गल्लीत तिची पिठाची चक्की आहे. नवरा रेल्वेत, निम्मा महिना बीना लायनीवर. चक्की तीच चालवते. दिवसभर तिच्या भुवया पांढऱ्या असतात. संध्याकाळी ती पट्टा उतरवते, तोंडावर पाण्याचे हबके मारते आणि मागच्या अंगणात जाते. तिथं खांब पुरलेला आहे. मल्लखांब. जगतापांचा कोणी मूळपुरुष पेशवाईत घोड्याबरोबर इकडं आला आणि इकडचाच झाला. पुढं घोडा गेला, तलवार गेली, जमीनही गेली. हे एक लाकूड तेवढं अंगणात उरलं. सासरे शिवाजीराव यांनी त्यावर चाळीस-पन्नास वर्षं पोरं घडवली. आता त्यांचे गुडघे गेले. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ते नुसते ओरडतात. शिकवते जिज्जी. तिच्याकडं पोरी जास्त येतात, कॉलेजातल्या, नोकरीवाल्या; दोघी तर लेकुरवाळ्या आहेत.

या आखाड्याची एक रीत होती. खांबाला एरंडेल लावलेलं असतं, म्हणजे अंग घासून सोलटत नाही. तर आल्यावर खांबाला हात लावायचा, हाताला आलेलं तेल कपाळाला लावायचं. आणि कुठं खरचटलं, सोललं, भाजलं, तर तेच तेल बोटानं निपटून तिथं चोपडायचं. दुकानातलं नाही, बाटलीतलं नाही, खांबावरचंच. जिज्जी नवी सून म्हणून आली त्या साली तिच्याही गुडघ्याला सासऱ्यानं हेच लावलं होतं आणि गुडघा बरा झाला होता. त्यामुळं ती प्रत्येक पोरीला सांगायची, "रडू नको. खांबाचं तेल लाव."

यंदा कोडं पडलं ते स्वरालीचं.

स्वराली कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिचे वाडवडील कारकुनी करणारे, हातात लेखणी धरणारे. ही त्यांच्या खानदानात खांबावर चढलेली पहिलीच. पण चढायची अशी, की जणू पाल भिंतीवर. विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची निवड तोंडावर आली होती. मागच्या साली तिचं थोडक्यात हुकलं. यंदा हुकलं तर संपलं, कारण कॉलेजच संपणार. तिची सगळी मदार काखेच्या पकडीवर. खांब डाव्या काखेत दाबायचा, हात वळवून घट्ट करायचा, पाय सोडायचे आणि अंग हवेत आडवं धरायचं. सगळा भार काखेवर. बघणाऱ्याला वाटावं, ही पोरगी खांबाला नुसती टेकली आहे.

आणि निवडीला पंधरवडा राहिला असताना हीच पकड सुटायला लागली. आडवी व्हायची, तोंड वाकडं करायची आणि घसरून खाली.

"काय होतंय गं?"

"कुछ नहीं, जिज्जी. पसीना आहे."

शिवाजीराव खुर्चीतनं म्हणाले, "मन नाही तिचं. मोबाईलमधी आहे. दर साली स्पर्धा आली की पोरींचं हेच."

बाकीचं नाही, पण शेवटचं वाक्य जिज्जीच्या डोक्यात अडकलं. दर साली स्पर्धा आली की. खरंच की. एरवी बारा महिने येणाऱ्या पोरी नेमक्या स्पर्धेच्या आठवड्यात पाय दुखतो, पोट दुखतं, मावशी आली, असल्या सबबी सांगतात. मन नसतं तर पोरी बाकीचे अकरा महिने कशाला आल्या असत्या? चक्कीचा आवाज बदलला की जिज्जी आधी दगड बघते, मग पट्टा, मग मोटर. इथं तिनं आधी चाल बघायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वरालीला नुसतं येताना-जाताना बघितलं. पोरगी डावा हात अंगापासून लांब धरून चालत होती, काखेत जणू अदृश्य कलिंगड घेतलंय. आणि पाय फाकवून, बदकासारखी. बसतानाही एका बाजूला कलून बसली.

जिज्जीनं तिला दंडाला धरून न्हाणीत नेलं आणि कडी लावली.

"हात वर कर."

"जिज्जी, रहने दो ना."

"मी पोरं काढलेली बाई आहे, बिन्नू. मला काय नवीन दाखवणार आहेस तू? वर कर."

हात वर झाला. काख लालबुंद. वर मोहरीएवढ्या पुळ्या, त्यातल्या काहींच्या टोकाला पिवळा पू. उजव्या काखेत तेच, पण कमी. जांघेत, जिथं खेळायच्या चड्डीची कड घासते तिथं, नुसती पुरळ.

"कशानं केलीस?"

"रेझरनं." स्वराली भिंतीकडं बघून बोलत होती. "व्हिडिओ काढणार होते ना आमचा, कॉलेजवाले. बिना बाह्यांचा ड्रेस. तर मी भैयाचा रेझर घेतला. पाणी चाललं गेलं होतं, तर तसंच. सूखा."

"भावाचा? जुना?"

"नवीन घेतला तर मम्मीला कळतं."

"आणि मग?"

"मग जळायला लागलं. मग डिओ लावला. मग आणखी जळलं." ती आता थोडी हसली. "मग मेडिकलवरून ट्यूब आणली. आणि इथं आल्यावर तेल लावत होते रोज."

"कसलं तेल?"

स्वरालीनं पहिल्यांदा तिच्याकडं वळून बघितलं. "तुम्हीच तर सांगता, जिज्जी. खांबाचं."

दुसरी बाई असती तर एक तर ओशाळली असती, नाहीतर पोरीवर डाफरली असती. जिज्जीच्या डोळ्यांत मात्र खडा फोडतानाची चमक आली. कोरडं पातं, जुनं पातं, डिओ, ट्यूब, तेल. एका काखेत इतके पाहुणे. आग लावली कुणी?

पोरीला तिनं त्या दिवशी खांबाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी स्वतः सदर बाजारात जाऊन नवा रेझर घेऊन आली. दुकानदार म्हणाला, "भाईसाहब के लिए?" ही म्हणाली, "नहीं, हमाए लाने," म्हणजे माझ्यासाठीच. दुकानदारानं सुटे पैसे निमूट दिले.

जन्मात तिच्या काखेला पातं लागलेलं नव्हतं. न्हाणीत बसून तिनं दोन्ही काखा सारख्याच भिजवल्या, एकाच साबणाचा फेस केला, त्याच रेझरनं दोन्ही साफ केल्या. मग अंगणात जाऊन खांबावरचं तेल निपटलं आणि डाव्या काखेत चोळलं. उजवीला काहीच नाही. फरक एकाच गोष्टीचा ठेवायचा, म्हणजे चोर सापडतो. चक्की दुरुस्त करताना ती हेच करते.

दोन दिवसांनी गिऱ्हाईक डबा पुढं करत होतं आणि ही तो डाव्या हातानं घेईना. शिवाजीराव बघत होते. शेवटी म्हणाले, "सूनबाई, चौरस्त्यावरच्या पोलिसासारखा हात का धरलाय?"

"काख पिकलीय, मामंजी."

"कशानं?"

"तुमच्या खांबानं."

म्हातारा खुर्चीत ताठ झाला. "खांबाला दोष देऊ नकोस. माझ्या बापजन्मात त्या तेलानं कुणाला पुळी आली नाही."

"तेच तर कोडं आहे," जिज्जी म्हणाली आणि तिसऱ्या गिऱ्हाइकाचा गहू चाळायला लागली.

डावी पिकली होती हे खरं. पण उजवीतही चार-दोन लाल ठिपके होतेच, खाजही होती. म्हणजे तेल हा एक चोर सापडला, तरी दुसरा मोकळाच होता. तिनं स्वरालीला स्कूटरवर मागं बसवलं आणि डॉक्टर ऋताकडं गेली.

ऋता कातडीची डॉक्टर. सदर बाजारात औषधाच्या दुकानावर तिचा दवाखाना. घर मराठी, पण शिक्षण सगळं हिंदीत. बोलायला लागली की मधूनमधून हिंदीत घसरते. तिनं आधी स्वरालीची काख बघितली, जांघ बघितली, ट्यूब हातात घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"ही तीन औषधांची खिचडी आहे. यात स्टेरॉइड आहे. दोन दिन ठंडा लगेगा, फिर और बिगाडेगा. हे असं कधीच विचारल्याशिवाय लावायचं नाही, आणि काखेत, जांघेत तर बिलकुल नाही. तिथली कातडी पतली असते."

"आता माझी बघा," जिज्जी म्हणाली आणि दोन्ही हात वर केले.

ऋतानं बघितलं. डावी बघितली, उजवी बघितली, परत डावी. "आंटी, हे काय आहे?"

जिज्जीनं सांगितलं. नवा रेझर, एकच साबण, डावीला तेल, उजवीला नाही. ऋता आधी हसली, मग चिडली, मग परत हसली. "आंटी, आप भी ना! किसी ने बोला था अपने ऊपर करने को?"

"मग कुणावर करू? गिऱ्हाइकावर?"

"एका माणसाच्या दोन काखांनी काही सिद्ध होत नाही."

"पण चूक आहे का?"

"चूक नाही," ऋता म्हणाली. "पातं फिरलं की कातडीला बारीक बारीक चिरा पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत. त्यात तुम्ही घट्ट तेल भरलं, तेही दहा जणींच्या घामाचं. केसाच्या मुळाशी तोंड बंद, आत जंतू. पिकणारच."

"आणि उजवी? तिला तर तेल नव्हतं."

"पातं कसं फिरवलं?"

"खालून वर. जोर लावून. दोनदा."

"बस, वही." ऋतानं कागदावर केस काढून दाखवला. वाढीच्या उलट पातं ओढलं की केस कातडीच्या आत तुटतो. मग वाढताना बाहेरची वाट सापडत नाही, आतल्या आत वळतो आणि टोचतो. अंग समजतं काटा शिरला, म्हणून लाल होतं. "काखेत तर आणखी गडबड. तिथं केस एका दिशेला नसतात. वरचे वर, खालचे खाली."

"भोवऱ्यागत."

"हां, भोवरा. तर आधी बोट फिरवून बघायचं, केस कुठं झुकतात. लांब असतील तर आधी कात्रीनं छोटे करायचे. कोमट पाण्यानं भिजवायचं, थोडा वेळ राहू द्यायचं, नरम होतात. मग वास नसलेली क्रीम किंवा साधा फेस. पातं नवं, आपलं स्वतःचं. भावाचं नाही, बहिणीचंही नाही. केस झुकतात तिकडंच ओढायचं, हलक्या हातानं, कातडी ताणायची नाही. दर वेळी पातं पाण्यात धुवायचं. एकदा झालं की परत परत तिथंच नाही. थोडे राहिले तर राहू दे, कोण मोजणार आहे?"

"कॉलेजवाले मोजतात," स्वराली पुटपुटली.

ऋतानं तिच्याकडं बघितलं. "झाल्यावर थंड पाणी. टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही. बिनवासाचं मॉइश्चरायझर. त्या दिवशी डिओ नाही, तुरटी नाही, लिंबू नाही, हळद नाही, तेल नाही. आणि खेळायच्या आदल्या दिवशी, त्याच दिवशी तर कधीच नाही. दोन-तीन दिवस मधी जाऊ द्या. आणि खरी गोष्ट सांगू? नाही काढले तरी कातडीचं काही अडत नाही. हे फक्त दिसायसाठी आहे."

मग तिनं स्वरालीला पुवाच्या जागी लावायला एक मलम लिहून दिलं, दिवसातून काही वेळा कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाची घडी ठेवायला सांगितली. सैल सुती कपडे. खाजवायचं नाही, पुळी फोडायची नाही. ताप आला, लाली पसरली किंवा गाठ होऊन ठणकायला लागली, तर ताबडतोब परत यायचं. डाव्या काखेला खांब बंद. उजवी आणि जांघ दोन-चार दिवसांत शांत झाली तर त्या बाजूनं चालेल.

"आणि रेझर?" स्वरालीनं विचारलं.

"पूर्ण बरं होईपर्यंत नाही. पुळीवरून पातं गेलं की एकाच्या दहा होतात. फार वाटलं तर कात्रीनं बारीक कर, कातडीला न टेकवता. उजवीकडं. डावीला तेही नको."

स्वरालीचा चेहरा पडला. निवडीपर्यंत पूर्ण बरं होणार नव्हतं हे तिघींनाही कळत होतं.

स्कूटरपाशी आल्यावर ती फुटली. "जिज्जी, केस दिसतील! बाह्यांचा ड्रेस घालून पकड होत नाही, कापड सरकतं. सगळे व्हिडिओ काढतात. सगळे हसतील."

"मग नको जाऊस."

"नहीं जाऊँ? लास्ट इयर आहे माझं!"

"मग जा."

"तुम्हाला काय, तुम्ही चक्कीत बसता."

"हओ. आणि मला परवापासून डबा धरता येत नाही, ते कुणापायी?" जिज्जीनं किक मारली. "उजवीकडं कातरायचंय का बोल. कातरून देते."

स्वरालीनं विचार केला. "एक कातरलेली आणि एक नाही? ते तर आणखी पागल दिसेल." आणि नाक ओढत मागं बसली.

जिज्जीचं एक कोडं अजून शिल्लक होतं. त्या तेलानं सासऱ्याच्या बापजन्मात कुणाला पुळी आली नव्हती. म्हातारा खोटं बोलणारा नव्हता. तिचा स्वतःचा गुडघाही त्याच तेलानं बरा झाला होता. मग मधल्या काळात बिघडलं काय?

तिनं पोह्याचा चमचा घेतला आणि खांबाच्या कमरेला, जिथं सगळ्यांची अंगं घासतात तिथं, जरा खरवडलं. काळा, चिकट लगदा निघाला. तो कागदावर पसरून उन्हात घेऊन बसली. त्यात केस होते, धागे होते, मातीचे कण होते. आणि पांढरट गुठळ्या. तिनं बोटावर चुरून बघितल्या, वास घेतला, आणि हसायलाच लागली. पीठ होतं. चक्की भिंतीपलीकडं, तिचंच पीठ उडून खांबावर बसत होतं, तेलात मुरत होतं आणि आंबत होतं.

कागद तिनं सासऱ्याच्या मांडीवर ठेवला. "मामंजी, हे खांबाचं तेल."

शिवाजीरावांनी चष्मा लावला. वास घेतला आणि कागद लांब धरला. "हे तेल नाही, हा मळ आहे. खरवडत नाहीस?"

"काय खरवडायचं?"

"खांब! शनिवारी!" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "शनिवारी बांबूच्या चिपाट्यानं सगळा खांब खरवडायचा, गरम पाण्याच्या फडक्यानं पुसायचा, वाळवायचा, मग ताजं एरंडेल. खांबाचं तेल म्हणजे ते. शनिवारचं. मंगळवारनंतर कुणी जखमेला लावत नसे."

"हे मला कधी सांगितलं तुम्ही?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना म्हणजे गड्यांना. मी शनिवारी स्वयंपाकघरात असायची."

शिवाजीरावांनी कागदाची घडी घातली. गुडघे गेल्यापासून त्यांनीही खांबाजवळ जाऊन बघितलं नव्हतं. आखाडा सासऱ्याकडनं सुनेकडं आला, तेल लावायची रीत आली. खरवडायची रीत गड्यांच्या शनिवारात राहून गेली. ही बाई आठ-दहा वर्षं श्रद्धेनं तेलावर तेल ओतत होती.

"पण खरवडलं तरी," जिज्जी म्हणाली, "पात्यानं सोललेल्या जागी तेल नाहीच लावायचं. डॉक्टरीण म्हणते तोंड बंद होतं."

"आमच्या वेळी काखेला कोण पातं लावत होतं!" शिवाजीराव म्हणाले. "ते तुम्ही बायका बघा. चिपाटं आण आधी."

खुर्ची खांबाजवळ ओढून ते स्वतः खरवडायला बसले. खालचा भाग त्यांनी केला, वरचा जिज्जीनं. खालनं जुनं शिसवी लाकूड निघालं, आरशासारखं. पुढं जिज्जीनं चक्कीच्या खिडकीला पोतं बांधलं. आणि पोरींना ओळीनं बसवून सांगितलं, की तेल आता कपाळालाच. खरचटलं तर पाणी आणि साबण. मग ऋतानं सांगितलेलं सगळं सांगितलं, शेळीच्या अंगावरनं हात फिरवतात तसं पातं फिरवायचं, केसाच्या बाजूनं. पोरी माना खाली घालून हसत होत्या. मग एक म्हणाली, "जिज्जी, जांघेतलं पण असंच?" दुसरी म्हणाली, "मला तर दर वेळी होतं." स्पर्धेच्या आठवड्यातलं पोट, पाय आणि मावशी एकाच संध्याकाळी बाहेर पडलं.

स्वरालीची जांघ आधी निवळली, मग उजवी काख. डावी हट्टी होती. तेव्हा जिज्जीनं तिचा सगळा खेळ उलटा बसवायला घेतला. जे डावीकडनं ते उजवीकडनं. हे सोपं नसतं. डाव्या हातानं सही करून बघा. स्वराली उजव्या काखेत खांब धरायची, अंग आडवं करायची, आणि पाय भलतीकडं जायचे. शिवाजीराव ओरडायचे, "उलटी पाल! उलटी पाल!" चार दिवस नुसतं पडणं झालं. पाचव्या दिवशी धरली. थरथरत, पण धरली.

निवडीच्या दिवशी हॉलात गर्दी होती. मोबाईल वर काढलेले. स्वराली जाकीट काढेना. नाव पुकारलं, दुसऱ्यांदा पुकारलं. मग तिनं जाकीट काढून जिज्जीच्या अंगावर फेकलं आणि पुढं गेली. खांबाला हात लावून कपाळाला नेताना काख दिसली. मागनं एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "अरे, ये तो पूरा जंगल साथ लाई है!" हशा झाला. स्वराली जागच्या जागी थांबली. मान वळवून तिनं जिज्जीकडं बघितलं.

जिज्जी तिच्याकडं बघतच नव्हती. ती बाजूच्या दुसऱ्या खांबाला बोट लावून त्या बोटाचा वास घेत होती.

स्वरालीला हसू आलं. ती वळली आणि चढली. पहिली अढी, म्हणजे खांबाला पायांनी मारलेला विळखा, स्वच्छ बसली. मग पकड. उजवी काख, हात वळवला, पाय सोडले. एक वीतभर घसरली. हॉलात कुणीतरी श्वास ओढल्याचं ऐकू आलं. तिनं दात आवळले आणि खांब आणखी दाबला. जिथं घसरली तिथंच थांबली. आडवी, सरळ, पंचांचा हात वर होईपर्यंत.

नावं वाचली ती उशिरानं. संघातली शेवटची जागा उरली तोवर स्वरालीचं नाव नव्हतं. ती जमिनीकडं बघत उभी होती. शेवटचं नाव तिचं निघालं, आणि ती दोन्ही हात आभाळात फेकून किंचाळली. नेमका तोच क्षण कुणीतरी टिपला. घरी पोचायच्या आत तो फोटो सगळ्या गटांत फिरला होता. तिच्या आईचा फोन आला, "अगं, काय हे, काखा झाकायच्या तरी!" स्वराली म्हणाली, "मम्मी, उसी काँख ने सिलेक्ट करवाया है," आणि फोटो स्वतःच्याच स्टेटसला लावला.

जिज्जीनं तो चक्कीत बसल्या बसल्या उघडला. पिठाची बोटं पदराला पुसली आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. स्वरालीचं तोंड कडेला निघून गेलं, पताका गेल्या, पंच गेले. पडद्यावर नुसती डावी काख राहिली. मोबाईल नाकाशी धरून ती बराच वेळ बघत होती.

"मामंजी," ती आत ओरडली, "डावीकडच्या पुळ्याही सुकल्यात हो. एकच राहिली आहे."

आतनं शिवाजीराव ओरडले, "मग तीही सुकू दे, आणि तोवर पोरीला उजवीकडनंच घे!"

जिज्जीनं मोटर सुरू केली.